बॉयकॉट : अर्थ, उगम, वापर

वडगाव, बेळगाव
५ जानेवारी २०२५

आक्का,

तुझं, माझं आणि भरमू आज्जाच्या घरात जन्मलेल्या आपल्या सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं आहे. आज्जानं मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं म्हणून गावानं आपल्याला चौदा महिने वाळीत टाकलं. गिरणीवाला दळण घेईना, दुकानदार मीठ देईना, मळ्यात कुणी कामाला बोलवेना. ओढ्याच्या वरच्या अंगाला आपली घागर दिसली की दगड यायचा. आज्जी हे सांगायची तेव्हा तिचा आवाज चढायचा नाही. विडीला दोरा गुंडाळत सांगायची आणि दर वेळी एकाच वाक्यावर थांबायची, "मारलं असतं तर बरं झालं असतं. आमच्याकडं कोण बघतच न्हवतं."

त्या एका वाक्यावर मी माझं आयुष्य उभं केलं. चिकोडीपासून खानापूरपर्यंत असा तालुका नाही जिथं मी ते वाक्य सांगितलं नाही. टाळ्या पडल्या, बाया रडल्या, तरुण पोरं उठून उभी राहिली. आता कॉलेजातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. भिंतीपलीकडं यंत्रमाग दिवसभर खटखटतो आणि मी इथं टेबलाशी बसून असतो. घसा गेलाय. डॉक्टर म्हणतात, बोलणं कमी करा. म्हणून लिहितोय.

पण पत्राचं खरं कारण वेगळं आहे. सीमाभागातल्या मराठी शाळांतल्या मुलांसाठी एक इंग्रजी-मराठी शब्दकोश तयार होतोय. बी अक्षराचे शब्द माझ्याकडं आलेत. प्रत्येक शब्दाचा अर्थ लिहायचा, उगम सांगायचा आणि सातवीच्या पोराला कळेल असं एक वाक्य द्यायचं. ‘बॉय’पर्यंत मी झरझर आलो. त्याच्या पुढच्या शब्दाशी चार दिवस अडकलोय. शब्द आहे बॉयकॉट. क्रियापद. निपाणीत तुमच्या गल्लीत त्याला ‘बायकाट’ म्हणतात.

अर्थ मी असा लिहिला: एखाद्या माणसाशी, दुकानाशी, संस्थेशी किंवा देशाशी सगळ्यांनी मिळून, ठरवून व्यवहार बंद करणे, निषेध म्हणून किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी. अर्थ बरोबर आहे. मग वाक्य लिहायला घेतलं. ‘गिऱ्हाइकांनी त्या दुकानाला बॉयकॉट केलं.’ खोडलं. ‘गावानं त्या सभेला बॉयकॉट केलं.’ तेही खोडलं. तिसरं वाक्य पेनानंच लिहिलं: ‘गल्लीनं तिला बॉयकॉट केलं.’

ते वाक्य अजून कागदावर आहे.

आक्का, शब्द माझा होता, हे मी मान्य करतो. पण त्या दिवशी मी तुझं नाव घेतलं नव्हतं. हे तुलाही माहीत आहे. मी एक इतिहास सांगितला. बायांनी त्यातून काय घेतलं याला मी एकटा कसा जबाबदार? बारा वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. दाजींच्या मयताला मी आलो तेव्हा तू तांब्याभर पाणी पुढं ठेवलंस आणि आत गेलीस. मला एकदा येऊन बसायचंय. तुझ्या लेकीला, उपासनाला, दोन ओळी लिहायला सांग, कधी येऊ.

तुझा,
धर्मा

⁂

वडगाव
१६ जानेवारी २०२५

आक्का,

उत्तर आलं नाही. येईल अशी आशा होती असंही म्हणवत नाही.

आज उगम लिहिला. तो तुला सांगावासा वाटतो, कारण बारा वर्षांपूर्वी तो तू अर्धाच ऐकलास, आणि तो अर्धा मीच सांगितला होता.

सन १८८०. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो नावाचा परगणा. जमीन एका लॉर्डची, कसणारी कुळं गरीब, आणि मधे लॉर्डचा कारभारी. त्याचं नाव कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. पिकं बुडाली होती. कुळांनी खंड कमी करा म्हटलं, यानं त्यांना जमिनीवरून हुसकायच्या नोटिसा काढल्या. तेव्हा लोकांनी काय केलं? काही केलं नाही. म्हणजे त्याच्यासाठी काहीच केलं नाही. गडी शेतातून निघून गेले. कपडे धुणारी येईना, लोहार नाल ठोकेना, दुकानदार माल देईना, त्याचं टपालसुद्धा पोचेना. या वागण्याला नाव काय द्यायचं? ‘ऑस्ट्रसाइझ’ हा एक शब्द होता, पण तो शेतकऱ्यांच्या जिभेला जड. तेव्हा तिथल्या एका पाद्र्यानं त्या कारभाऱ्याचंच नाव क्रियापद म्हणून वापरायचं सुचवलं, असं सांगतात. काही आठवड्यांत ते वर्तमानपत्रांत आलं आणि थोड्याच दिवसांत युरोपच्या इतर भाषांत शिरलं. माणूस जिवंत असताना त्याचं नाव क्रियापद झालं.

हे मी विडी कामगार बायांच्या संपाच्या सतराव्या दिवशी विडीच्या डेपोसमोरच्या मैदानात सांगितलं. तुला आठवत असेल, बाया खचल्या होत्या. हजार विड्या नेल्या की चेकर दीडशे-दोनशे छाटात, म्हणजे नापास मालात, टाकायचा, दोष दाखवायचा नाही, आणि छाटातल्या विड्याही मालकच विकायचा. त्याविरुद्ध तो संप. पण सतरा दिवस घरात पीठ नाही. कुठल्या गल्लीत कोण लपून वळतंय याच्या कुजबुजी सुरू झालेल्या. मालक कोल्हापुरात जाऊन बसलेला, कुणाच्या हाताला लागत नव्हता.

आणि मी बोलत असताना तू आलीस. डोक्यावर टोपली. सातशे बायांच्या कडेनं चालत फाटकातून आत गेलीस. बाहेर आलीस तेव्हा टोपली रिकामी होती.

माझं वाक्य अर्ध्यावर थांबलं होतं. पुढच्या रांगेतून नागुबाई ओरडली. तुझी शेजारीण नागुबाई, तीस वर्षं तुझ्या सुपाला सूप लावून बसलेली.

"सर, ही विड्या टाकून आली! आता हिचं काय करायचं ते सांगा!"

"आयर्लंडच्या लोकांनी काय केलं ते आत्ताच सांगितलं," मी म्हणालो.

"सर, पर ती तुमची बहीण हाय की वो!"

सगळं मैदान माझ्याकडं वळलं. मागच्या पत्रात मी लिहिलं, मी तुझं नाव घेतलं नव्हतं. खरंच घेतलं नव्हतं. मी म्हणालो, "मला बहीण नाही. माझ्या बहिणी इथं बसल्यात, सातशे."

त्या वाक्याला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या मला आयुष्यात कधी पडल्या नाहीत. मला ते वाक्य पाठ आहे. लोकांनाही पाठ आहे. अजून कुणीतरी भेटतं आणि म्हणतं, सर, काय बोलला होता त्या दिवशी!

संप आणखी नऊ दिवस टिकला आणि जिंकला. छाट हजाराला पन्नासवर आली. त्या जिंकण्यात त्या वाक्याचा वाटा आहे, हे मी आजही म्हणेन. पण शब्दकोशासाठी वाचता वाचता उगमाचा दुसरा अर्धा भाग समोर आला. तो मला तेव्हाही माहीत होता, फक्त मैदानात सांगायचा नव्हता. त्या बॉयकॉटचं पीक काढायला दुरून पन्नास माणसं आली. त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई आले. सरकार त्याच्या बाजूनं होतं, लंडनची वर्तमानपत्रं त्याच्यासाठी रडत होती. तो शब्द जन्मला तो असल्या माणसाविरुद्ध. ज्याच्या पाठीशी फौज आहे त्याच्याविरुद्ध, ज्यांच्याकडं काही नाही त्यांनी उचललेला.

तुझ्या पाठीशी कोण होतं, आक्का? खोकणारे शामू दाजी आणि बारावीतली पोरगी.

तुझा,
धर्मा

⁂

वडगाव
२ फेब्रुवारी २०२५

आक्का,

परवा नागुबाईचा फोन आला. युनियननं हॉल धरलाय. दोन मार्चला, रविवारी, संपाला बारा वर्षं झाली म्हणून माझा सत्कार करायचा ठरलाय.

"शाल मीच घालणार हाय," ती म्हणाली. "आता सातशेतल्या दोनशे बी ऱ्हायलो न्हाय. कोण मेली, कोण मिलमध्ये गेली, कोण पोराकडं पुण्याला. पर जेवढ्या हाय तेवढ्या येणार बघा."

मी तुझंच विचारलं, "पारूला बोलवलंय का?"

ती म्हणाली, "सर, तुमीच सांगितलंसा की. आता तुमीच इचारताय व्हय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मी वर्गात चुकीचं शिकवल्यावर पोरं जशी गोंधळून बघायची तसा तो आवाज होता. मग हळूच म्हणाली, "आमच्या नाती भांडल्या की म्हणत्यात, जा, तुला पारूबाई केलं."

मेयो परगण्यात जे झालं तेच तुझ्या गल्लीत झालं. माणूस जिवंत, आणि त्याचं नाव क्रियापद. मी शब्दकोशात ‘वापर’ या रकान्यात हे लिहू का?

आता मला जे लिहायचंय ते दोन पत्रांत मी लिहिलं नाही. पहिल्यात लपवलं. दुसऱ्यात बरंच कबूल केलं, पण तेही याच्यापर्यंत पोचू नये म्हणून.

त्या दिवशी तुझी टोपली ठिबकत होती.

मी स्टेजवर उंचावर होतो. तू माझ्यापासून वीस पावलांवरून गेलीस. टोपलीवर ओलं पोतं होतं. त्याचं पाणी तुझ्या कानामागून ओघळून पदरावर पडत होतं. मागं धुळीत थेंबांची ओळ उमटली होती.

मी विडी वळणाऱ्या बाईच्या पोटचा पोर आहे. वळलेल्या विड्या कुणी ओल्या पोत्याखाली नेत नाही. ओल लागली की विडी गेली. त्या कोरड्या फडक्यातच न्यायच्या. ओलं पोतं टाकतात ते विडी वळायच्या कच्च्या पानावर, कारण कोरडं पान उन्हातून नेलं की त्याचा चुरा होतो. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आपल्या आईला चौथ्या खेपेला दिवस गेले आणि तिनं काम थांबवलं, तेव्हा उरलेलं पान आणि जर्दा तिनं माझ्या डोक्यावर देऊन डेपोत परत पाठवला होता. "काम बंद तर माल परत," म्हणाली होती. मी आठ वर्षांचा होतो. पोत्याचं गार पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं, ते मला अजून आठवतं. त्या दिवशी स्टेजवरसुद्धा आठवलं.

आदल्या दिवशी मालकानं फाटकावर फलक लावला होता: संपावरच्या बायांनी आमचं पान-जर्दा घरात दाबून ठेवलंय, चोरीची फिर्याद देणार. तू ते परत करायला गेलीस. विड्या टाकायला नाही. सातशे बायांत तू एकटीनं मालकाचा माल त्याच्या तोंडावर फेकून संप केलास. आणि मला ते तेव्हाच कळलं, नंतर नाही.

कळलं आणि मी तोंड उघडलं ते दुसऱ्याच वाक्यासाठी. का, ते मी पुष्कळदा स्वतःला समजावलं. बाया फुटत होत्या. मालक हाताला लागत नव्हता. त्यांना हाताला लागेल असं कुणीतरी हवं होतं. ‘थांबा, तिच्या टोपलीत पान आहे,’ असं सांगितलं असतं तर ते एक साधं वाक्य झालं असतं. त्याला टाळी पडली नसती. सभा तिथंच सैल पडली असती. दुसरं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, आणि ते चांगलं होतं. एवढंच.

तू फाटकातून बाहेर आलीस तेव्हा स्टेजकडं बघितलंस. आपली नजर भेटली. मी बघितलंय हे तू बघितलंस.

आज्जी म्हणायची, मारलं असतं तर बरं झालं असतं. मी ते वाक्य तालुक्या-तालुक्यात ऐकवलं आणि तुझ्या दाराला लावून आलो. भरमू आज्जाला गावानं वाळीत टाकलं, तुला तुझ्या भावानं. दाजी गेले तेव्हा तुझ्या दारात शेजारच्या कुणाची भाकरी आली नाही. मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत, पण त्याच संध्याकाळी उपासनानं ती पेटवली. मी ते डोळ्यांनी बघितलं. आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी येऊन मी दाजींवर वीस मिनिटं भाषण केलं. तू पुढं ठेवलेलं पाणी मी प्यालो. त्या गल्लीत तुझ्या घरचं पाणी पिणारा मी एकटाच होतो, आणि ते प्यायचा हक्क फक्त मलाच नव्हता.

क्षमा मागायला मी येतो. तारीख कळव. तू दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन.

धर्मा

⁂

वडगाव
१७ फेब्रुवारी २०२५

आक्का,

काल उपासनाचा फोन आला. ती काय काय बोलली ते तुला ठाऊकच आहे, तुझ्यासमोरूनच बोलत होती. तरी लिहितोय, म्हणजे मी नीट ऐकलं की नाही ते तुला कळेल.

ती म्हणाली, "मामा, तिन्ही पत्रं वाचून दाखवली. पहिल्या दोन्हीला आई काय बोलली न्हाय. घडी घालून पिशवीत ठेव म्हणाली. तिसरं वाचताना मधीच हात धरला. ‘पोत्याचं लिहिलंय न्हवं?’ म्हणाली. मी व्हय म्हटलं. ‘मग बास कर. पुढचं वाचलं न्हाय तरी चालतंय.’"

मी विचारलं, "एवढी वर्षं तिनं गल्लीत कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. त्याच दिवशी नागुमावशीला सांगितलं. डेपोच्या कारकुनानं पोच दिली न्हवती, दाखवायला कागद न्हवता. मावशी म्हणाली, ‘तुझा सख्खा भाऊ सांगतोय, तो खोटं बोलंल व्हय?’ त्याच्यावर आई गप्प झाली, ते आजपातूर."

मग फोनमागून तुझा आवाज आला. बारा वर्षांनी. जाडा झालाय, आणि मधेच दम लागतो. उपासना, माझ्याकडं दे, म्हणालीस, पण फोन हातात घेतला नाहीस. लांबूनच बोललीस, ओरडून.

"धर्मा, माझ्याकडं माफी मागायला यायचं न्हाय! मी काय सभा न्हाय. जितं बोललास तितं बोल!"

आणि उपासनानं फोन ठेवता ठेवता जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात नोकरी लागलीय, तीन मार्चला हजर व्हायचंय. तुझी छाती अशी, डोळे असे, तुला एकटीला ठेवता येणार नाही. खोली बघून झाली, सामान बांधायचं राहिलंय, आणि तू उठायला तयार नाहीस. तू म्हणतेस, "आत्ता दाराला कुलूप लावून गेले तर म्हणतील, चोरटी होती, गेली. या दारात कोणतरी पाणी पिऊ दे, मग न्या कुठं न्यायचं तिकडं."

बॉयकॉटचं शेवटी काय झालं ते मी कधी सांगितलं नाही. नोव्हेंबरच्या सत्तावीस तारखेला तो घर सोडून निघाला. गाडी हाकायला त्या मुलखात एक माणूस मिळेना. शेवटी लष्कराची आजारी माणसं नेणारी गाडी आणली, शिपायांच्या पहाऱ्यात, आणि तीत बसून तो गेला. तू तशी जायची नाहीस.

मी तुझ्या दारी येणार नाही. दुसरं पत्र लिहायला घेतलंय. ते तुला नाही.

धर्मा

⁂

वडगाव, बेळगाव
२४ फेब्रुवारी २०२५

निपाणीच्या विडी कामगार बायांनो, आणि नागुबाई, तुम्हाला खास,

हे पत्र युनियनच्या बैठकीत मोठ्यानं वाचावं. नागुबाई, चष्मा लावून तुम्हीच वाचा. मधे थांबू नका.

तुमचं-माझं गाऱ्हाणं एक होतं. दिवसभर पाठ मोडून चांगली विडी वळायची, आणि चेकरनं ती छाटात टाकायची. दोष विचारला तर सांगायचा नाही. दोष नाही हे त्याला ठाऊक असायचं, तरी टाकायचा, कारण त्यात त्याच्या मालकाचा फायदा होता. त्याविरुद्ध तुम्ही सव्वीस दिवस उपाशी राहिलात. तुमच्यासारख्या बाया मी दुसऱ्या बघितल्या नाहीत.

त्या संपाच्या सतराव्या दिवशी मी चेकर झालो. माझ्यासमोरून एक बाई गेली. तिच्यात दोष नाही हे मला दिसत होतं. मी तिला छाटात टाकलं.

पारूबाई त्या दिवशी विड्या द्यायला गेली नव्हती. मालकानं चोर म्हटलं म्हणून ती उरलेलं पान आणि जर्दा परत करायला गेली होती. तिच्या टोपलीवर ओलं पोतं होतं. पाणी ठिबकत होतं. ओल्या पोत्याखाली काय नेतात आणि काय नेत नाहीत, हे तुम्हाला मी शिकवायला नको. मी स्टेजवरून ते बघितलं, मला कळलं, आणि तरी मी म्हणालो की मला बहीण नाही. ते खोटं होतं. मला एकच बहीण आहे. मी दहावीत असताना तिनं माझ्या फीसाठी दिवसाला हजारावर आणखी दोनशे विड्या वळल्या, त्या तिच्या बोटांनी मी इंग्रजी शिकलो, आणि त्या इंग्रजीतला एक शब्द मी तिच्यावर फेकला.

त्या गर्दीत आणखी किती जणींनी ते ठिबकणारं पाणी बघितलं, मी विचारणार नाही. ज्यांनी बघितलं त्यांना वाटलं असेल, सर सांगतायत म्हणजे आपलीच नजर चुकली असेल. दोष तुमच्या नजरेचा नव्हता. नागुबाई, तुम्ही पारूला म्हणालात, तुझा सख्खा भाऊ खोटं बोलेल का? बोलला. शपथेवर सांगतो, बोलला.

त्या शब्दाबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं होतं. ते तेव्हाच सांगायला हवं होतं. तो शब्द ज्याच्या नावावरून आला त्याच्यामागं हजार बंदुका होत्या. ते हत्यार वर मारायचं आहे. आपल्यासारख्यांवर ते पिढ्यान्‌पिढ्या खाली मारलं गेलं. माझ्या आज्जाच्या घागरीवर मारलं गेलं, तुमच्यातल्याही कितीजणींच्या आज्जाच्या घागरीवर. ज्यांच्या घरात ही आठवण आहे त्यांनी एका विडी वळणाऱ्या बाईच्या घरचं पाणी बारा वर्षं बंद केलं, आणि ते मी करायला लावलं. संप न्यायाचा होता. तो तुम्ही जिंकलात, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. पण त्या विजयाच्या पायाखाली एक बेकसूर बाई आहे, आणि ती अजून तिथंच बसलीय.

शब्दकोशातली माझी नोंद पूर्ण झाली. अर्थ दिलाय, उगम दिलाय. मुलांसाठीचं वाक्य मी असं लिहिलंय: ‘बॉयकॉट करण्याआधी, ज्याला बॉयकॉट करायचं त्याला एकदा विचारावं.’ संपादक म्हणाले, हे वाक्य शब्दकोशाला शोभत नाही. मी म्हटलं, मग माझं नाव काढा, वाक्य राहू द्या.

सत्कार नको. शाल नको. हॉल रद्द करा. मी दोन मार्चला निपाणीत येईन, पण स्टेजवर चढणार नाही. डेपोसमोरच्या मैदानात, जिथं बोललो होतो तिथंच जमिनीवर उभा राहून सकाळी दहाला हे सगळं पुन्हा तोंडानं सांगेन. ऐकायला दोनच जणी आल्या तरी सांगेन. तुम्हाला मला शिव्या द्यायच्या असतील तर तिथं द्या, मी ऐकून घेईन. पण त्यात फार वेळ घालवू नका.

कारण तीन तारखेला पारू निपाणी सोडून चाललीय. पोरगी कोल्हापूरला नेतेय. ती चोरासारखी कुलूप लावून जाणार नाही म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. तिला तुमची माफी नको, माझी तर नकोच. तिला काय हवंय ते तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आणि ते तुमच्याशिवाय कुणी देऊ शकत नाही.

येत्या रविवारी, दोन मार्चला, सकाळी अकरा वाजता मैदानातून उठा. पारूबाईच्या दारात जा. नागुबाई, तुम्ही पुढं. एकीनंही भाषण करू नका. आत वाकून एवढंच म्हणा, "पारू, तहान लागलीय, पाणी दे," आणि ती देईल ते पाणी तिच्यासमोर प्या.

तुमचा,
धर्मराज